पुढील स्टेशन

डोंबिवलीहून गाडी सुटली की रुळांच्या सांध्यावर डबा जरासा झुकतो, दारातल्या बायका नकळत एकमेकींच्या दंडाला धरतात आणि छताच्या जाळीतून तो आवाज येतो : पुढील स्टेशन, कोपर. मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. तो आवाज कोणत्या बाईचा आहे मला ठाऊक नाही, पण इतकी वर्षं इतक्या नेमानं माझ्याशी फार थोडी माणसं बोलली आहेत. भर पावसात, परीक्षेच्या दिवशी, वडील गेले त्या आठवड्यानंतरच्या पहिल्या सकाळीही तिनं त्याच शांतपणे सांगितलं होतं, की आता दिवा, आता मुंब्रा, आता कळवा; आणि त्या दिवशी मला तिच्या त्या न बदललेल्या स्वराचा केवढा तरी आधार वाटला होता.

माझ्या लहानपणी हा आवाज नव्हता. तेव्हा स्टेशन ओळखायचं ते नाकानं. कळव्याची खाडी आली की ओल्या चिखलाचा आणि खाजणाचा वास खिडकीतून आत शिरायचा, दादरला झेंडू-शेवंतीच्या ओल्या पाट्यांचा, आणि मशीदला सुक्या मिरच्या, हळद आणि खारका यांचा एकत्र असा काही दर्प, की डोळे मिटून बसलेली आई आपोआप पिशवी सावरायची. वासानं सांगितलेलं स्टेशन आणि आवाजानं सांगितलेलं स्टेशन यांत थोडा फरक आहे. वास तिथं आज काय आहे ते सांगतो. नाव मात्र बहुधा, तिथं काय होतं ते सांगतं.

आमच्या मूळ गावी कधीकाळी हेळवी यायचा. बैलावर बसून, घोंगडी पांघरून, दारात थांबून तो घराण्याच्या पिढ्या सांगायचा : अमक्याचा तमका, त्याचा अमका. आजोबांनी मला त्याच्याबद्दल इतकं सांगितलं आहे, की आपण त्याला पाहिलंच आहे असं कधी कधी वाटतं. लोकलमधला तो आवाज ऐकताना मला हटकून तो हेळवी आठवतो. चिंचपोकळी, तो आवाज म्हणतो, आणि रुळांशेजारच्या काचेच्या मनोऱ्यांमागं कुठंतरी चिंचांनी भरलेला एक सखल भाग क्षणभर हिरवा होऊन जातो. वडाळ्याला वड, उमरखाडीला उंबर, भायखळ्याला कुणाचं तरी खळं. ज्या शहरानं झाडं ठेवली नाहीत त्यानं झाडांची नावं मात्र दर चार मिनिटांनी उच्चारायची व्यवस्था करून ठेवली, याला काय म्हणावं ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

आणि शीव. कुर्ल्यानंतर ते नाव येतं, आणि निम्मी गाडी ते इंग्रजी वळणानं सायन म्हणते. शीव म्हणजे वेस. मुंबई बेटाची ती हद्द होती. पलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे साष्टी. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पुढं सरकली, १९५७ मध्ये ती मुलुंडला आणि दहिसरला पोचली, पण वेशीचं नाव जिथल्या तिथं राहिलं. आता शीव शहराच्या पोटात आहे. बाई माहेरचं आडनाव मनात बाळगून सासरच्या गोतावळ्यात वावरते, तसं ते स्टेशन मला दिसतं. तिथून गाडी जाताना, इथं मुंबई संपत होती, हे स्वतःशीच म्हणून पाहायची मला सवय आहे. खिडकीबाहेर तर मुंबई कुठंच संपत नाही. ती ठाण्याला संपत नाही, कल्याणला रूळ फुटून एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे जातो तिथंही संपत नाही. ती नुसती विरळ होते, आणि दर पाच वर्षांनी तिथलंही विरळपण दाट होत जातं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती याच वाटेनं. चौदा डबे, चारेकशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, निघताना एकवीस तोफांची सलामी. त्या पाहुण्यांना खिडकीतून काय दिसलं असेल, असं पुष्कळदा मनात येतं. मिठागरं, ताडाची झाडं, भाताची कापून गेलेली खाचरं, रुळांकडे धावत आलेली उघडी पोरं. एप्रिल होता, म्हणजे माळ वाळलेला असणार, आणि दूरवर पारसिकचा डोंगर धुरकट. चौतीस किलोमीटरची ती वाट शहराची मधली रेघ होईल, आणि त्या रेघेला धरून गावं उलटी फिरतील, म्हणजे देवळाकडे असलेली त्यांची तोंडं स्टेशनाकडे वळतील, हे त्यांच्यातल्या कुणाला सुचलं असेल का? एखाद्याला असेलही. जगन्नाथ शंकरशेट त्या गाडीत होते, आणि रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत ते पहिल्यांपैकी. ते गिरगावचे. हे मी इथं मुद्दाम सांगते, कारण मला जायचंय ते गिरगावलाच. वाट जरा लांबची घेतली आहे, इतकंच.

माझी आई गिरगावची. फणसवाडीतल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सार्वजनिक गॅलरीच्या टोकाच्या खोलीत तिचं बालपण गेलं. तिचा मामा दादरला हिंदू कॉलनीत राहायचा, आणि रविवारी त्याच्याकडे जायचं ते बोरीबंदरपर्यंत चालत आणि तिथून ट्रामनं. लाकडी बाकं, कंडक्टरनं दोरी ओढून वाजवलेली घंटा, आणि ट्राम इतकी सावकाश, की दुकानांच्या पाट्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून होत. आई म्हणते, मी वाचायला ट्राममध्ये शिकले, शाळेत फक्त लिहायला शिकले. मुंबईत ट्राम आली १८७४ मध्ये, घोड्यांनी ओढलेली. १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. शेवटची ट्राम पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती असं ती सांगते, आणि मग जरा थांबून म्हणते, की आम्ही टाटा केला, जसा पाहुण्यांना करतो.

ट्राम गेली, पण दादरचा टीटी राहिला. ट्राम टर्मिनस, त्याचा टीटी. आज तिथं उभं राहून रिकाम्या टॅक्सीला हात करणाऱ्या पोराला टीटी म्हणजे काय विचारलं, तर तो म्हणेल, टीटी म्हणजे टीटी. मला हे फार आवडतं. त्याला माहीत नसताना तो साठ वर्षांपूर्वी उखडलेल्या रुळांचं टोक जिभेवर घेऊन हिंडतो आहे.

कधी कधी तर नावच उठून चालायला लागतं. फोर्टमध्ये, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी मोकळं हिरवं मैदान होतं आणि तिथं कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. ते कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार कुलाब्याला गेला, नाव त्याच्यामागून कुलाब्याला गेलं. पुढं बाजार शिवडीच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला तसं नावही बिऱ्हाड घेऊन तिथं आलं, आणि हार्बरच्या एका स्टेशनावर पाटी होऊन बसलं. आता बाजार उरला नाही. नावाला पुढं कुठं जायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तिथंच आहे. चर्चगेटचं याच्या उलट. किल्ल्याचा जो दरवाजा सेंट थॉमसच्या चर्चकडे उघडायचा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पडले, दरवाजा गेला, त्याच्या जागी फ्लोरा फाउंटनचं कारंजं उभं राहिलं, आणि पुढं त्याच कारंज्याभोवती संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलं, म्हणून तो हुतात्मा चौक झाला. एका जागेवर तीन नावांचे थर. आता भुयारी मेट्रोत चर्चगेट आणि हुतात्मा चौक अशी लागोपाठ दोन स्थानकं आहेत, म्हणजे मधल्या एकदीड मिनिटात दरवाजाच्या नावाकडून दरवाजाच्या जागेकडे आपण जमिनीखालून जातो. हे कळल्यापासून मला तो बोगदा नुसता बोगदा वाटत नाही.

गिरगावचं मात्र एक वेगळंच. इतकं बोलकं, इतकं गाजलेलं हे गाव, पण त्याचं नाव रेल्वेच्या पाटीवर कधी चढलंच नाही. गिरगावला जायचं ते चर्नी रोडला उतरून. ते नावही चांगलंच आहे म्हणा. कंपनी सरकारनं मैदानावर गुरं चारायला कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ स्वतःच्या पैशानं जमीन घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली. त्या चरणीकडे जाणारा तो चर्नी रोड. एका सढळ माणसानं मुक्या जनावरांसाठी राखलेलं कुरण नावात उरावं यात वावगं काहीच नाही. तरी फणसवाडी, मुगभाट, गायवाडी, कांदेवाडी, केळेवाडी अशी सगळी वाड्याभाटांची कुळी ज्या एका नावाखाली नांदत होती, ते नाव स्टेशनाच्या हेळव्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९७१ मध्ये आई लग्न होऊन डोंबिवलीला आली. दोन खोल्या, मागं विहीर, संध्याकाळी बेडकांचा आवाज. गिरगावातल्या बायका तिला विचारत, अगं, तिथं दिवे तरी आहेत का? दिवे होते, पण पाणी दूरवरून आणावं लागे, आणि पावसाळ्यात स्टेशनापर्यंत चप्पल हातात घेऊन जावं लागे. पुढं तिच्या चाळीतलीच चार घरं डोंबिवलीत आली, कारण मुलांची लग्नं झाली आणि एका खोलीत दोन संसार मावेनात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचा शेवट असा कुणी पाहिलाच नाही. लालबाग-परळची माणसं मग वर्षावर्षानं आमच्या आळीत येऊ लागली, बदलापूरला गेली, नालासोपाऱ्याला गेली, आणि ज्यांनी भोंग्यावर उठून पायी कामाला जायचं एवढंच माहीत करून घेतलं होतं ती पहाटे चार-बावन्नची गाडी धरू लागली. शहराची वाढ असं आपण म्हणतो तेव्हा मला झाडाची वाढ दिसत नाही. मला दिसतं ते पाटावर वाढलेलं ताट हळूहळू कडेकडे सरकवत नेणं, मधे नव्या पाहुण्याला जागा व्हावी म्हणून. आणि आई अजूनही दादरला निघाली की म्हणते, मुंबईला जाऊन येते. ज्या शहरात ती जन्मली त्याला तिनं परगावाचा प्रत्यय लावून टाकला आहे.

ते ताट आता आमच्याही पलीकडे सरकलं आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरून गेलं की दोन्हीकडे बांधकामाचे कुंपणपत्रे, आणि त्यांवर तळी, हंस, पाश्चात्त्य धाटणीची बागांची नावं. आतली गावं मात्र अजून स्वतःच्या नावानं हाक मारली की ओ देतात : हेदुटणे, कोळेगाव, निळजे, वाकळण. कल्याणहून तळोज्याला मेट्रो चालली आहे. तिचे खांब जसे उभे राहताहेत तशी मी मनातल्या मनात प्रार्थना करते, की स्थानकांना याच गावांची नावं राहू देत. ही भीती वायफळ नाही. मुंबईच्या मेट्रोत काही स्थानकांच्या नावाआधी बँकांची आणि विमा कंपन्यांची नावं जोडलेली ऐकू येतात. पैसा लागतो, मला समजतं. तरीही तोंडात ते नाव घोळवून पाहताना आत कुठंतरी टाचणी लागते.

समाधान वाटावं असंही घडतं. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू सुरू झाला, एकवीस किलोमीटरहून लांब, आणि साहजिकच सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. त्याच दिवशी ठाणे आणि ऐरोलीच्या मधे एक साधं स्टेशन उघडलं, आणि त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, दिघा गाव. गाव हा शब्द पाटीवर. त्याच दिवशी उरणपर्यंत गाडी पोचली आणि त्या वाटेवर शेमटीखार असं एक स्टेशन आलं. खार म्हणजे खाडीकाठची खाऱ्या पाण्याची जमीन. त्या जमिनी सिडकोनं नवं शहर वसवायला घेतल्या, आणि योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागं सगळा मुलूख उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीतला तेवढा हिस्सा विकसित करून मूळ मालकाला परत, हा शब्द त्या रक्तातून आला. अजूनही आगरी घरांत साडेबारा टक्के म्हटलं की पुढं स्पष्टीकरण लागत नाही. मी उरणच्या गाडीत एकदाच बसले. शेमटीखार, असं आवाज म्हणाला तेव्हा समोरची म्हातारी, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, खिडकीबाहेर पाहत होती. तिनं मान वळवली नाही. तिच्या दृष्टीनं ते नाव आवाजानं सांगण्याजोगं नसावंच.

मागच्या दिवाळीआधी आईनं वर्तमानपत्रातला कागद माझ्यापुढं धरला. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्ण झाली होती, सत्तावीस स्थानकं, आणि त्यांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतर काळबादेवी, काळबादेवीनंतर गिरगाव. तिनं त्या नावाखाली पेनानं रेघ ओढली होती. काही बोलली नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो, मंगळवार अशासाठी की रविवारी मेगाब्लॉक.

टर्मिनसला गाडीतून उतरलो आणि सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली गेलो. आईनं माझा हात धरला होता, आणि प्रत्येक जिन्याच्या पहिल्या पायरीशी ती क्षणभर थबकायची, पाण्यात पाय घालण्याआधी थबकावं तशी. खाली थंड होतं, स्वच्छ होतं, आणि कशाचाच वास नव्हता. गाडी आली. बसतोय न बसतोय तोच काळबादेवी, आणि मग तो आवाज, आमच्या आवाजाहून निराळा, अधिक तरुण : पुढील स्थानक, गिरगाव.

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरतील असं काहीतरी मी मनाशी धरून चालले होते. ती कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. प्लॅटफॉर्मवर पाटीखाली उभं राहून ती म्हणाली, “अगं, मी आयुष्यात पहिल्यांदा गिरगावला उतरले.”

म्हणजे, मी विचारलं.

“आम्ही गिरगावात राहायचो. उतरायचो चर्नी रोडला. गिरगावला उतरायचं ते पाहुण्यांनी.”

वर आलो ते जगन्नाथ शंकरशेट मार्गावर. गंमत अशी, की त्या शेटजींचं नाव मेट्रोत मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला दिलंय, त्यांच्या गिरगावात नाही. ऊन होतं. स्थानकासाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आहेत, त्यामुळं आकाशाचा एक अनोळखी तुकडा वर उघडा पडला होता आणि त्या उजेडात आईला दिशा लागेना. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मग तिनं काहीतरी मजेशीर केलं : रस्ता ओलांडला, चर्नी रोड स्टेशनाकडून येणाऱ्या गर्दीच्या बाजूला तोंड करून उभी राहिली, आणि तिथून वळून, जणू आत्ता तिकडूनच आली आहे अशी, चालू लागली. त्यानंतर तिला कुठंही विचारावं लागलं नाही. चाळीच्या जागी मनोरा होता, ते आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. आम्ही कोपऱ्यावर बसून पियुष प्यायलो आणि परत निघालो. परत जाताना ती मेट्रोनं आली नाही. चालवत होतं तोवर धोबीतलावापर्यंत चालली, मग टॅक्सी केली.

टर्मिनसहून कल्याणची गाडी मिळाली, रिकामी. बायकांच्या डब्यात आईला खिडकी मिळाली, मी शेजारी, माझ्याशेजारी मेथी निवडत बसलेली एक बाई. मशीदला मिरच्यांचा वास आला का, ते मी पाहत होते. आला, अगदी थोडा. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ. दादरला लोंढा आत आला. खांद्याला लॅपटॉपची पिशवी लावलेली एक मुलगी गर्दीतून कशीबशी आमच्या बाकापाशी पोचली, वरची कडी धरून उभी राहिली, आणि दम खाऊन तिनं तो प्रश्न विचारला जो या गाड्यांतून सगळ्या बायका सगळ्या बायकांना विचारत आल्या आहेत.

“आजी, कुठं उतरणार?”

“डोंबिवली,” आई म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी पण डोंबिवलीच म्हटलं. मेथीवाल्या बाईनं कल्याण सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. तिला उतरायचं होतं ठाण्याला. गाडी सुटली, डबा जरासा झुकला, आवाज म्हणाला, पुढील स्टेशन, माटुंगा.

आई खिडकीकडे सरकली, मला कोपरानं ढोसलं, मी सरकले, मेथीची पिशवी मांडीवर गेली. “ये गं, चौथी बस,” आई म्हणाली.